हिरवळीखालचे धन कोणाचे?

‘मेटल डिटेक्टर’ हे शब्द कानी पडले म्हणजे आपल्या शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती रेल्वे स्थानकाच्या किंवा देवळाच्या दारातील चौकट, आणि किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी कंटाळून ‘चला, चला’ म्हणणारा पहारेकरी. माणसांच्या खिशात काय आहे ते पाहण्याचे हे यंत्र, अशी आपली समजूत आहे. परंतु त्याच तत्त्वावर चालणारे, काठीच्या टोकाला थाळी बसवलेले एक हलके यंत्र आता काही हजार रुपयांत घरपोच मिळते आणि ते माणसांचे नव्हे, जमिनीचे खिसे चाचपते. हे यंत्र घेऊन कोणी सार्वजनिक बागेत, मैदानावर किंवा गडाच्या पायथ्याशी फिरू लागला, तर त्याने काय करावे आणि काय करू नये? आपल्या बागांच्या दारांवरील फलक आम्ही अनेकदा वाचले आहेत. फुले तोडू नयेत, कुत्री आणू नयेत, हिरवळीवर चालू नये, इतके सारे त्यांवर असते. या यंत्राविषयी एक अक्षरही आमच्या पाहण्यात नाही.

पहिल्या पानावर लिहावे इतका हा विषय मोठा आहे काय, असे वाचक विचारतील. आम्हांलाही प्रथम तो किरकोळच वाटला होता. परंतु २०२५ साली घडलेल्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या आणि आमचे मत बदलले.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगड किल्ल्याच्या परिसरातील शेतांत, रात्रीच्या अंधारात शेकडो माणसे जमिनी उकरू लागली. कोणाच्या हाती कुदळ, कोणाच्या हाती चाळणी, कोणाच्या हाती विजेरी. आणि काहींच्या हाती हे धातुशोधक यंत्र. मोगली मोहरा सापडत आहेत अशी आवई उठली होती. संभाजी महाराजांच्या बुऱ्हाणपूरवरील १६८१ च्या स्वारीचे दर्शन घडवणारा ‘छावा’ हा हिंदी चित्रपट फेब्रुवारीत प्रदर्शित झाला होता, आणि पडद्यावरचे सोने शेतात आले असावे असे भाबड्या मनांनी धरले. पोलीस आले, गर्दी पांगली, खड्डे राहिले. पुढे जुलै महिन्यात मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतील जिंजी. फटाके वाजले, अभिनंदनाचे फलक लागले. जे गड आता जगाने आपले मानले, त्यांच्या उतारांवर आणि पायथ्यांशी असीरगडची ती रात्र पुन्हा उगवली तर काय करायचे, याचा विचार मात्र त्या फलकांवर मावला नाही.

गुप्तधनाचा ध्यास आपल्याकडे जुना आहे, आणि तो निरुपद्रवी कधीच नव्हता. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तेव्हा गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचा त्याच्या अनुसूचीत स्वतंत्र निर्देश करावा लागला, यातच सर्व काही आले. मांत्रिकाच्या हातातील लिंबाची जागा आता एका विद्युत्-यंत्राने घेतली असेल, तर ती एका अर्थी प्रगतीच म्हणावयाची! फरक इतकाच की मांत्रिकाचे लिंबू धातू सापडला म्हणून खरोखर कधी वाजत नसे. हे यंत्र वाजते.

आणि येथेच कायद्याची पंचाईत होते. भूमिगत धनाविषयीचा आपला कायदा १८७८ सालचा आहे. त्यानंतर तीन वर्षांनी, १८८१ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू हुडकणारे एक उपकरण घाईघाईने तयार केले. ते प्रयत्न निष्फळ झाले. पलंगातील लोखंडी स्प्रिंगांनी त्यात घोटाळा केला, असे नंतर सांगण्यात आले. म्हणजे आपला कायदा या यंत्राहून वयाने वडील आहे. दुसऱ्या महायुद्धात पेरलेले सुरुंग हुडकण्यासाठी हे यंत्र सुधारले गेले, युद्धानंतर ते नागरिकांच्या हाती आले आणि होता होता खेळण्याइतके स्वस्त झाले. कायदा होता तिथेच राहिला.

त्या कायद्याच्या कर्त्यांपुढे चित्र होते ते नांगराच्या फाळाला अडकलेल्या हंड्याचे, किंवा जोते खणताना लागलेल्या घड्याचे. धन ‘सापडते’ असे त्यांनी गृहीत धरले. ते कोणी पद्धतशीर ‘शोधील’ हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून सापडल्यानंतर काय करायचे, हे त्यात तपशिलाने आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही हाती लागले तर ते काय आहे, कोठे व केव्हा सापडले हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करावी किंवा हमी द्यावी. दावेदारांसाठी जाहीर सूचना निघावी. खरा मालक पुढे न आल्यास, आणि दुसरा काही करार नसल्यास, तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा व एक चतुर्थांश जमीनमालकाचा. न कळवल्यास वाटा जप्त आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वाचताना हा कायदा उदार वाटतो, आणि त्या काळाच्या मानाने तो तसा होताही. परंतु शोधण्यासाठी परवानगी हवी काय, कोणाची हवी, किती खोल खणावे, यांविषयी त्यात काही नाही. संरक्षित स्मारकांपुरती ही उणीव १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाने आणि १९६० च्या महाराष्ट्र अधिनियमाने भरून काढली आहे. तेथे परवान्यावाचून खणणे हा गुन्हाच आहे. पण संरक्षित स्मारके ती किती? केंद्राच्या यादीत सबंध देशात मिळून सुमारे ३,७००. उरलेल्या भूमीचे काय?

त्या उरलेल्या भूमीत आपल्या बागा आणि मैदाने येतात. बाग म्हणजे रोपे लावलेली रिकामी जागा असे आपण समजतो. पुण्याच्या सारसबागेत संध्याकाळी भेळ खात बसलेल्या किती जणांच्या लक्षात येते की आपण पेशवेकालीन तळ्याच्या तळावर बसलो आहोत? ‘तळ्यातला गणपती’ हे नाव तेवढे तळ्याची साक्ष द्यायला उरले. मुंबईची ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने म्हणजे जुन्या किल्ल्याच्या तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या एस्प्लनेडचे तुकडे आहेत. पन्हाळ्याचे तबक उद्यान तर प्रत्यक्ष गडावरच आहे. दिल्लीची लोदी बाग १९३६ मध्ये तयार झाली ती सुलतानी थडग्यांभोवती वसलेले एक गाव हलवून. शहरात मोकळी जागा राहते ती बहुधा तेथे पूर्वी काहीतरी होते म्हणूनच राहते. इमारतींच्या पायांनी बाकीचे शहर केव्हाच उपसून काढले. हिरवळीने जे झाकले ते तेवढे वाचले.

या हिरवळीवर यंत्र चालवणारा माणूस नेमके काय करतो? थाळीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, खाली धातू असल्यास त्यात सूक्ष्म प्रवाह उठतो, त्याची चाहूल परत येते आणि कानातले यंत्र किणकिणते. साध्या यंत्राची पोच एखाद्या नाण्यापुरती वीतभर. परंतु खाली सातवाहनांचे नाणे आहे की काल टाकलेल्या सोडावॉटरच्या बाटलीचे बूच, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून खणावे लागते; आणि एका नाण्यासाठी वीस बुचे उकरावी लागतात. बागेच्या माळ्याला जे दिसते ते हे वीस खड्डे, आणि तो चिडतो ते योग्यच आहे. पण खड्डा बुजवता येतो, हिरवळ पुन्हा रुजते. आमची खरी तक्रार त्या एकविसाव्या खड्ड्याविषयी आहे, ज्यातून काहीतरी निघाले आणि कोणालाच कळले नाही.

जमीन हे वहीसारखे असते. थरावर थर चढतो. प्रत्येक थरात त्या त्या काळाची खापरे, राख, हाडे, मणी. नाणे ज्या थरात पडले त्या थराला ते काळ देते, आणि तो थर त्या नाण्याला अर्थ देतो. उपटून काढलेले नाणे म्हणजे वहीतून फाडलेला शब्द. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दायमाबादचे उदाहरण मराठी वाचकांच्या घरचे आहे. १९७४ मध्ये तेथे एका ग्रामस्थाला झाडाचे मूळ खणताना काशाची चार शिल्पे सापडली: बैल जुंपलेला आणि उभ्या माणसाने हाकलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. त्यांतली काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी जरूर पाहावीत. परंतु ती शास्त्रीय उत्खननात, थराच्या पुराव्यासह मिळाली नाहीत, म्हणून ती नेमकी केव्हाची याविषयी पंडितांत मतभेद झाले. मधुकर ढवळीकरांसारखे विद्वान ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली मानतात. धातूचे पृथक्करण पुढे करून ती फार नंतरची असावीत असे म्हणणारेही आहेत. त्या ग्रामस्थाचा यात काडीचा दोष नाही. तो मूळ खणत होता. मुद्दा असा की चार हजार वर्षे की दोन हजार, हा वाद हातभर मातीच्या साक्षीने मिटला असता.

येथे आम्हांला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. संपादकाच्या खुर्चीवर येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवत होतो. सहलीला मुलांना घेऊन एका डोंगरी किल्ल्यावर गेलो असता, पावसाने धुपलेल्या उतारावर एका मुलाला तांब्याचे जाड, हिरवटलेले नाणे मिळाले. ‘सर, ही शिवराई आहे का?’ असे विचारताना त्याचा आवाज थरथरत होता. परत आल्यावर आम्ही ते चिंच आणि राखेने घासून लख्ख केले, तेव्हा ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे उमटली आणि सगळ्या वर्गाने टाळ्या पिटल्या. कायदा पाळावा म्हणून आम्ही नाणे घेऊन एका सरकारी कचेरीतही गेलो. तेथील कारकुनाने नाणे उलटसुलट करून पाहिले आणि म्हटले, ‘सर, पंचनामा करावा लागेल. मुलाचे नाव लिहू का?’ आम्ही नाणे खिशात घातले आणि घरी आलो. ते शाळेच्या कपाटात गेले. शिवराया पुढे पेशवाईतही पाडल्या गेल्या आणि इंग्रजी अमलातही कितीतरी वर्षे चालत राहिल्या, हे आम्हांला पुढे वाचून कळले. तेव्हा ती शिवराई कोणत्या काळची हे तिच्या जागेवरून, शेजारच्या खापरांवरून आणि आम्ही घासून टाकलेल्या त्या हिरव्या पुटावरून कदाचित ठरले असते. जागा आम्ही लिहून ठेवली नव्हती. आज तो उतार आम्हांला ओळखताही येणार नाही.

त्या कारकुनालाही आम्ही दोष देत नाही. त्याच्यापुढे नाणे ठेवल्यावर करण्यासारखे एवढेच होते. सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याचे स्वागत कोणी करावे, हे आपल्याकडे ठरलेलेच नाही.

इंग्लंडने याबाबतीत एक निराळा मार्ग धरला. तेथे संरक्षित स्थळी परवानगीशिवाय हे यंत्र वापरणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. इतरत्र जमीनमालकाची परवानगी हवी. सार्वजनिक बागेची मालक नगरपालिका, म्हणून तिची. लंडनच्या राजोद्यानांत मनाई आहे, थेम्सच्या ओहोटीच्या वाळूवर परवाना लागतो. १९९६ च्या कायद्याने व्याख्येत बसणारा ठेवा १४ दिवसांच्या आत कॉरोनरला कळवणे बंधनकारक झाले, आणि संग्रहालयाने तो घेतल्यास शोधणाऱ्याला व मालकाला बाजारभावाने मोबदला मिळू लागला. जे या व्याख्येत बसत नाही, त्या बक्कल-बटणांची नोंदही स्वेच्छेने करता यावी म्हणून १९९७ पासून जिल्ह्या-जिल्ह्यांत जाणकार अधिकारी नेमले गेले. आजवर १५ लाखांहून अधिक वस्तूंची जागेसह नोंद झाली आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात अशाच छांदिष्टाला सातव्या शतकाच्या आसपासचे सुमारे ४ किलो सोने सापडले. त्याने कळवले, आणि ३२ लाख ८५ हजार पौंड मूल्य ठरून ते त्याच्यात व शेतमालकात वाटले गेले.

तेथे सगळेच साधू आहेत असे मात्र नव्हे. २०१५ मध्ये हेरेफर्डशायरमध्ये दोघांना दागिने आणि सुमारे ३०० नाणी सापडली. त्यांनी ती लपवली आणि फुंकून टाकली. २०१९ मध्ये त्यांना जबर शिक्षा झाल्या, परंतु नाणी परत मिळाली ती अवघी ३१. त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्शियाचा राजा केओलवुल्फ शेजारी शेजारी बसलेले दिसतात. हा केओलवुल्फ इतिहासात दुबळा, परक्यांच्या ओंजळीने पाणी पिणारा म्हणून नोंदला गेला होता. नाणी मात्र त्याला आल्फ्रेडच्या बरोबरीने बसवतात. एवढे ३१ नाण्यांनी सांगितले. बाकीची काय सांगणार होती ते कोणत्या तिजोरीत आहे कोण जाणे.

याच्या उलट टोकाला अमेरिकेची राष्ट्रीय उद्याने आहेत. तेथे हे यंत्र जवळ बाळगण्यासही मनाई आहे. आयर्लंडने १९८७ मध्ये कायदा करून शासनाच्या संमतीवाचून पुराणवस्तूंच्या शोधासाठी त्याचा वापर बंद केला. आपल्याकडेही पहिली सूचना हीच येईल: बंदी घाला, फलक लावा, मोकळे व्हा. संरक्षित स्मारकांत आणि गडांवर, संरक्षणाच्या यादीत नसलेल्या गडांवरही, आम्ही बंदीच्याच बाजूचे आहोत आणि तेथे कोणाचीही भीड धरू नये असे आमचे मत आहे. पण सरसकट सर्व बागा-मैदानांवर बंदी घालणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. चोर रात्री येतो. तो फलक वाचत नाही. बायकोची हरवलेली अंगठी शोधणारा किंवा मुलाला विज्ञानाचा चमत्कार दाखवणारा गृहस्थ दिवसा येतो आणि पकडला जातो तो तोच.

म्हणून महानगरपालिकांनी आपल्या बागांची आधी छाननी करावी. पाच-दहा वर्षांपूर्वी बाहेरून मुरूम आणि माती आणून, भर घालून केलेल्या बागेत साधी लेखी परवानगी पुरे. तेथे निघून निघून बुचेच निघणार. जुन्या तळ्यावर, तटाच्या जागी, वाड्याच्या आवारात असलेल्या बागेत मात्र जाणकाराची संगत असल्याशिवाय खुरपे चालवू देऊ नये. परवाना घेणाऱ्याने वीतभराहून खोल जाऊ नये, खड्डा बुजवावा, आणि धातूखेरीज काही लागले, खापरे, विटा, हाडे लागली, तर तेथेच हात थांबवावा. सापडलेली प्रत्येक जुनी वस्तू, घासल्यापुसल्याशिवाय, जागेच्या नोंदीसह दाखवावी. आज प्रत्येकाच्या खिशात असलेला फोन अक्षांश-रेखांश क्षणात सांगतो. आमच्या वेळची ती सबब आता चालणार नाही.

नियमांचे हे काम एखाद्या महापालिकेला एका ठरावात करता येईल. कठीण आहे ते पुढचे. १८७८ च्या कायद्यात एक कलम असे आहे की ठेवा सरकारला हवा असल्यास, त्यातील ‘जिन्नसाची’ किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन तो घेता येतो. सोन्याच्या हंड्याला हे ठीक. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याचे काय? शिवराईचे काय? तांब्याचा भंगारभाव आणि वर वीस टक्के! जुन्या बाजारातला व्यापारी त्याच नाण्याचे कितीतरी पट देतो, रोख देतो आणि पंचनामा करत नाही. प्रामाणिक माणसाने सरकारकडे जावे असे आपण म्हणतो, आणि गेल्यास त्याच्या तळहातावर भंगाराचे पैसे ठेवण्याची तरतूद करून ठेवतो. मोबदला संग्रहाच्या बाजारभावाने दिला पाहिजे, आणि हा बदल करणे राज्याच्या विधिमंडळाच्या हाती आहे. आपले आमदार जागतिक वारशाच्या समारंभांत अग्रभागी होते. हे एक कलम त्यांनी हाती घ्यावे.

शासनाजवळ पैसा नाही, माणसे नाहीत, आणि रस्त्यांवर खड्डे पडलेले असताना बागेतील खड्ड्यांची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. जिल्ह्याला एक याप्रमाणे पुरातत्त्वाचा एखादा पदवीधर, एक टेबल, एक वजनकाटा, एक नोंदवही आणि आणणाऱ्याला लगेच देण्याची पावती, एवढाच हा खर्च आहे. ही माणसे तयार करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पिढ्यान्‌पिढ्या उत्खननकार बाहेर पडले. त्यांना नोकरी कोठे मिळते हे विचारले तर मात्र आपण सारे खाली पाहू.

दिवाळी संपली की शाळांच्या सहली गडांकडे निघतील. पावसाने या वर्षीही उतार धुपलेले असतील, आणि एखाद्या मुलाच्या बुटाखाली काहीतरी हिरवट चमकेल. कदाचित कोणाच्या दप्तरात वाढदिवसाला मिळालेले ते यंत्रही असेल. त्या मुलाने ती वस्तू कोणत्या दारी, कोणत्या खिडकीपाशी न्यावी, हे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तोपर्यंत ठरवून शाळांना कळवावे. परिपत्रक एका पानाचे पुरेल. त्यात चिंच आणि राख वापरू नये, हेही लिहावे.